कोरीगडाच्या कोठारापासून पाच गोळ्यांच्या मॅगझिनपर्यंत

आमच्या धंद्यात मॅगझिन म्हणजे मासिक, नाहीतर रविवारची पुरवणी. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये मॅगझिन म्हणजे "एक पिस्तूल, मॅगझिनसह, व जिवंत काडतुसे". आणि पॅरिस ऑलिम्पिकनंतर हा शब्द मला तिसऱ्याच लोकांच्या तोंडून ऐकू यायला लागलाय. आईबापांच्या. "पोराला एअर पिस्तुलावरून पॉइंट टू-टूला घातलंय. पिस्तुलासोबत मॅगझिनं किती लागतात? आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत मुठीच्या खाली ते नरसाळ्यासारखं लावलेलं असतं, तेपण घ्यावं लागतं का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन ओळींत नाही. त्याच्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, थोडा कायदा आहे आणि थोडं आपल्या मुळशीचंही आहे. म्हणून ही लांब पोस्ट. ज्यांच्या घरात नेमबाज नाही त्यांनीही वाचावी, कारण शेवटी मुद्दा सगळ्यांचाच आहे.

आधी शब्दाचं मूळ. मॅगझिन हा शब्द मूळचा अरबी, "मखझन". म्हणजे कोठार. तो इटली-फ्रान्समार्गे इंग्रजीत गेला. लष्करात दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणायला लागले. १७३१ मध्ये लंडनमध्ये एक नियतकालिक निघालं, त्यानं लेखांचं कोठार या अर्थानं हेच नाव घेतलं आणि तिथून आमचं छापील मॅगझिन आलं. बंदुकीतली गोळ्यांची डबी पण कोठारच, फक्त खिशात मावणारं.

कोठाराची किंमत काय असते हे आपल्या तालुक्याला वेगळं सांगायला नको. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या डोक्यावर कोरीगड उभा आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरनं त्याला वेढा घातला. गड दाद देत नव्हता. तटबंदी अजूनही बघा, आजही फिरता येते एवढी शाबूत आहे. १४ मार्चला तोफेचा एक गोळा गडावरच्या दारूकोठारावर पडला, स्फोट झाला आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. तट पडला नाही, माणसं हटली नाहीत, कोठार गेलं म्हणून गड गेला. नेमबाजीच्या रेंजवर हेच लहान प्रमाणात होतं. हात स्थिर असतो, नजर ठीक असते, पिस्तूल चांगलं असतं आणि डबी दगा देते.

आता डबीचा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सैनिक एक गोळी भरायचा, एक झाडायचा. मग नळीखाली किंवा दस्त्यात ओळीनं काडतुसं ठेवायच्या युक्त्या आल्या. १८७९ मध्ये जेम्स पॅरिस ली या माणसानं काढता-घालता येणाऱ्या चौकोनी डबीचं पेटंट घेतलं. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, काम केलं अमेरिकेत. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्करानं त्याच्या रचनेची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली आणि पुढं तिची ली-एनफिल्ड झाली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. ट्रिगरच्या पुढं खाली जी डबी दिसायची, ती ली साहेबाची.

पिस्तुलात ही डबी मुठीत घालायची कल्पना ह्यूगो बोर्खार्टची, १८९३ ची. आठ गोळ्यांची. तीन वर्षांनी आलेल्या माउझर पिस्तुलाची डबी मात्र मुठीत नव्हती, ट्रिगरच्या पुढं होती. हे दोन घाट लक्षात ठेवा, मुठीतली डबी आणि ट्रिगरपुढची डबी. पुढं खेळाच्या पिस्तुलांची दोन घराणी इथूनच वेगळी होतात.

१९११ मध्ये अमेरिकेच्या लष्करानं ब्राउनिंगचं पिस्तूल घेतलं, त्याच्या डबीत सात गोळ्या एकावर एक. १९३५ मध्ये ब्राउनिंग हाय-पॉवर आलं. डियुडोने सेव्ह या बेल्जियन कारागिरानं गोळ्या एका रांगेत न ठेवता आळीपाळीनं दोन रांगांत बसवल्या आणि डबीत १३ मावल्या. आपल्या लष्कराचं इशापूरला बनलेलं ९ एमएम पिस्तूल याच घराण्यातलं.

म्हणजे युद्धानं डबीला कायम एकच प्रश्न विचारला, अजून किती मावतील? खेळानं विचारला उलटा प्रश्न, किती पुरेत?

ऑलिम्पिकच्या २५ मीटर पिस्तुलाचं उत्तर आहे पाच. डबीत जास्त मावत असल्या तरी एका सिरीजला पाचच भरायच्या. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून आहे. ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाचच्या सहा सिरीज, प्रत्येक सिरीजला पाच मिनिटं. पुढच्या ३० जलद. हात खाली ४५ अंशावर, लक्ष्य तीन सेकंद खुलं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबा, परत तीन सेकंद. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर शेजारी-शेजारी पाच लक्ष्यं, प्रत्येकावर एक गोळी, आणि वेळ आधी आठ सेकंद, मग सहा, शेवटी चार. चार सेकंदांत पाच गोळ्या पाच ठिकाणी. डबीतली दुसरी गोळी वर यायला किंचित जरी अडखळली तरी खेळ संपला.

इथे आपली माणसं कुठं आहेत? पुढंच आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल जोडीचं सुवर्ण कोल्हापूरची राही सरनोबत आणि पुण्याची अनिसा सय्यद यांनी आणलं. राहीनं २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची फायनल तर पुन्हा बघण्यासारखी आहे. राही आणि थायलंडची नेमबाज, दोघींचे ३४-३४ गुण. शूटऑफ झाला, तोही बरोबरीत. दुसरा शूटऑफ झाला, तेव्हा राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आता हिशोब करा. फायनलच्या दहा सिरीज आणि दोन शूटऑफ, म्हणजे बारा वेळा पाच-पाच गोळ्या भरल्या गेल्या. बारापैकी एका वेळी डबी रुसली असती तर?

नियम काय सांगतो तेही बघा, कारण हे आईबापांना कुणी सांगत नाही. गोळी अडकली तर पोरानं पिस्तूल लक्ष्याकडंच धरून ठेवायचं, यंत्राला हात लावायचा नाही, दुसरा हात वर करायचा. पंच येऊन तपासतो. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा निघाला तर संधी परत मिळते, तीही ठरावीक वेळाच. पण डबी नीट बसवली नव्हती म्हणून गोळी आली नाही, किंवा चालू सिरीजमध्ये डबी निसटून खाली पडली आणि यंत्र कुठं मोडलेलं नाही, तर तो खेळाडूचा दोष. न झाडलेल्या गोळ्या शून्य. तीन गोळ्या राहिल्या तर तीस गुणांपर्यंतचं नुकसान. एकेका गुणावर नंबर वर-खाली होतो तिथं तीस.

आता डबी अडकते का? रचना साधी आहे. पत्र्याची पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, वर आतल्या बाजूला वळवलेल्या दोन कडा. नेमबाज त्यांना लिप्स म्हणतात. बोल्ट मागं जातो, रिकामं काडतूस फेकतो, स्प्रिंग पुढची गोळी वर ढकलते, लिप्स ती योग्य कोनात धरतात, बोल्ट पुढं येताना तिला चेंबरमध्ये लोटतो. लिप्स केसभर जरी फाकल्या तरी कोन बदलतो.

पॉइंट टू-टूची आणखी एक खोड आहे. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. डबी भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या पुढं यायला हवी. मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं काडतूस पुढं सरकतच नाही. याला रिम लॉक म्हणतात. त्यात या गोळीचं शिसं मेणासारख्या वंगणानं माखलेलं असतं. ते हळूहळू डबीत साचतं, धूळ धरतं आणि पट्टी जड चालायला लागते. आपल्याकडं पावसाळ्यातली दमट हवा आहेच.

म्हणून, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी सरळ उत्तर. डबी त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची घ्या. दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या मॉडेलची घेऊ नका. वॉल्थर जीएसपीची डबी ट्रिगरच्या पुढं खालून बसते, इटलीच्या फासची वरून बसते. प्रत्येक घराण्याची तऱ्हा वेगळी. सामन्याला किमान तीन हव्यात, चार असल्या तर उत्तम. प्रत्येक डबीच्या बुडाला ऑइलपेंटनं नंबर टाका. सरावाच्या वहीत गुणांसोबत डबीचा नंबर लिहा. महिनाभरात आपोआप कळतं की अडकणाऱ्या दहा गोळ्यांपैकी आठ "तीन नंबर"च्याच आहेत. मग ती डबी सामन्याला न्यायची नाही, सरावाला ठेवायची किंवा जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यायची. घरी पक्कड घेऊन लिप्स वाकवायच्या नाहीत, हे लाख वेळा सांगतो. सामन्याची गोळी ज्या ब्रँडची, त्याच गोळीवर डबी तपासायची. सिमेंटच्या फरशीवर पाडायची नाही. आणि जुनं पिस्तूल घेत असाल तर नळी बघण्याआधी सोबत डब्या किती आणि कुठल्या आहेत ते मोजा.

आता ते नरसाळं. त्याला मॅगवेल म्हणतात. मुठीत डबी जिथून आत शिरते त्या तोंडाला बाहेरून लावलेला पसरट गळा. त्याचा इतिहास वेगळ्या खेळाचा आहे.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर आणि त्याच्या मंडळींनी धावत-पळत, जागा बदलत नेमबाजी करायच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबियात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आयपीएससी. या खेळात गुणांना वेळेनं भागतात. चालू फेरीत डबी संपते, दुसरी घालावी लागते, आणि त्यात गेलेला अर्धा सेकंदसुद्धा मोजला जातो. पळत असताना मुठीच्या अरुंद तोंडात डबी घालणं म्हणजे चालत्या एसटीत सुईत दोरा ओवणं. म्हणून आधी कारागिरांनी तोंडाच्या कडा तासल्या, मग वेगळे पसरट गळे बसवायला सुरुवात झाली. काही पितळेचे करतात, म्हणजे वजन खाली येतं आणि पिस्तूल कमी उसळतं.

तिथंही नियमानं लगाम घातलाच. ओपन विभागात डबीची लांबी १७० मिलिमीटरपर्यंत. स्टँडर्ड विभागात डबी आणि गळा बसवलेलं अख्खं पिस्तूल २२५ गुणिले १५० गुणिले ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. प्रॉडक्शन विभागात असा जोडगळा चालतच नाही. त्यामुळं तिकडचे नेमबाज गळा आणि डबी वेगवेगळी घेत नाहीत, जोडीनं घेतात. गळा मोठा घेतला आणि डबीचा तळ आखूड राहिला तर तळहातानं ती शेवटपर्यंत ठोकता येत नाही, अर्धवट बसते आणि पहिल्या गोळीनंतर खाली पडते. तळ लांब घेतला तर पेटीत मावत नाही.

मग आपल्या पोरांना हे लागतं का? नाही. २५ मीटरला सिरीज चालू असताना डबी बदलायची वेळच येत नाही, त्यामुळं गळ्याचा फायदा शून्य. उलट इथलीही एक पेटी आहे, ३०० गुणिले १५० गुणिले ५० मिलिमीटरची, आणि वजन १४०० ग्रॅमच्या आत. उगाच काही जोडायला गेलं तर तपासणीत अडकायचं. शिवाय आयपीएससीच्या पिस्तुलाला किमान ९ एमएमची गोळी लागते आणि ९ एमएम आपल्याकडं सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे. व्हिडिओतला तो खेळ आपल्या पोरांचा नाही. बघायला हरकत नाही, त्याच्यावर पैसे घालू नका.

नियमाची एक ओळ बदलली की कपाट कसं बदलतं याचंही उदाहरण आहे. २००४ च्या अथेन्सपर्यंत पुरुषांचं रॅपिड फायर पॉइंट टू-टू शॉर्ट या आखूड काडतुसावर व्हायचं. जर्मनीच्या राल्फ शुमाननं तिथं तिसरं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. २००५ पासून नियमानं लाँग रायफल काडतूस सक्तीचं केलं. जुनी पिस्तुलं आणि त्यांच्या डब्या सामन्यातून एका फटक्यात बाद. म्हणून कुणी "स्वस्तात ऑलिम्पिकचं जुनं पिस्तूल आहे" म्हणालं तर आधी काडतूस विचारा.

आता कायद्याचं. हे नीट वाचा, कारण इथं चूक झाली तर ती गुणांवर थांबत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग धरलेले आहेत. दुबईचा मामा बॅगेतून दोन डब्या आणतो म्हणाला, कुणी ऑनलाइन कुरिअर करतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. परवानाधारक विक्रेता आणि रायफल असोसिएशन, या वाटेनंच जायचं, कागद जपून ठेवायचे. वाट लांब आहे, मान्य. पण पोराचं अख्खं करिअर दोन डब्यांपायी पणाला लावू नये.

आणि आपल्या तालुक्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मुळशी आणि पिस्तूल हे दोन शब्द एकत्र आले की लोकांच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा "मुळशी पॅटर्न" आला आणि तेव्हापासून तर तालुक्याचं नावच विशेषण झालं. जमिनी गेल्या, पैसा आला, गेला, आणि पोरांच्या कमरेला काय आलं ते त्यात होतं. खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

याच मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट हे इथंच "सेनापती" झाले. पुढं रेल्वे अडवून हाती शस्त्र घेतल्याबद्दल त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली. ते बरोबर की चूक यावर वाद घाला, पण त्यांनी ते उघडपणे केलं आणि शिक्षाही उघडपणे घेतली. आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जी क्रीडानगरी उभी राहिली ती म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात. म्हाळुंगे आत्ता २०२१ मध्ये महापालिकेत गेलं, तोवर ते मुळशीचंच गाव. राधानगरीच्या कांबळवाडीतला स्वप्निल कुसाळे याच बालेवाडीच्या रेंजवर घाम गाळून २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. रेंज आपल्या उंबऱ्याला, पोरगा कोल्हापूरचा. त्याचा अभिमान आहेच. पण प्रश्न पडतो की पौड, पिरंगुट, माले, कोळवणची पोरं त्या रेंजवर किती?

जी जातात त्यांची अडचण पिस्तुलाच्या किमतीपुरती नाही. क्लबचं पिस्तूल चौघांत असतं. एका क्लबात मी डोळ्यांनी पाहिलंय, तीन पिस्तुलांच्या सगळ्या डब्या एकाच खोक्यात, नंबर नाही, काही नाही. सामन्याच्या सकाळी हाताला लागेल ती घेऊन पोरगी लाइनवर. पैसेवाल्याच्या पोराकडं स्वतःच्या चार तपासलेल्या डब्या, आणि हिच्याकडं नशीब. मग निकाल लागला की म्हणायचं, खेड्यातल्या पोरांना प्रेशर झेपत नाही. प्रेशर झेपतं हो. स्प्रिंग झेपत नाही.

नेमबाजीतल्या घरात "मावळंकर" हा शब्द रोजचा आहे, कारण राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीचा टप्पा त्या नावाचा आहे. गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, घराणं मूळचं रत्नागिरीतल्या मावळंगे गावचं. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती, आणि ब्रिटिशांनी ज्यांच्या हातातून १८७८ च्या कायद्यानं शस्त्रं काढून घेतली होती, त्या लोकांना शिस्तीत, नियमात, सगळ्यांसमोर नेम धरायला शिकवायचं काम एका संसदपटूनं हाती घेतलं. शस्त्र लपवायचं नाही, नोंदवायचं. गोळ्या मोजून भरायच्या. पंचानं हात वर म्हटलं की हात वर. मुळशी पॅटर्नला उत्तर द्यायचं असेल तर ते हे आहे, आणि ते आपल्या दारात आहे.

म्हणून तालुक्यातल्या पुढाऱ्यांना, मंडळांना, ग्रामपंचायतींना एक सुचवतो. पोरगं पदक घेऊन आलं की शाल, श्रीफळ आणि चौकात फ्लेक्स होतो. होऊ द्या. पण एका फ्लेक्सच्या ऐवजी क्लबला रीतसर मार्गानं प्रत्येक पिस्तुलामागं दोन जादा डब्या आणि एका हंगामाची गोळी मिळवून द्या. क्लबवाल्यांनी खर्च न करता आज एवढंच करा, रंगाची एक डबी आणि ब्रश घ्या, आणि प्रत्येक मॅगझिनवर पिस्तुलाचा नंबर टाका. जिल्ह्याचे सामने जवळ आलेत.